माणदेशातून दापोलीला : कृषी महाविद्यालयातलं माझं पहिलं वर्ष

सांगोला तालुक्यात सप्टेंबरातल्या पावसावर पुढचं सगळं वर्ष ठरतं. जून-जुलैचे ढग सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला मोकळे होतात आणि आमच्यापर्यंत नुसता वारा येतो. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि त्यातलाही मोठा वाटा परतीच्या वेळचा. २०२३ च्या सप्टेंबरात गावातली माणसं आभाळाकडे डोळे लावून बसली होती आणि मी साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या दापोलीला निघाले होते. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला होता.

दापोली माझी पहिली पसंती नव्हती. राज्यात कृषी विद्यापीठं चार : राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. आमच्या भागातली मुलं पुणे, कोल्हापूर, राहुरी असे पर्याय आधी भरतात. सीईटीचे गुण, सातबारा जोडल्यावर मिळणारे जादा गुण, मग गुणवत्ता यादी आणि कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, असं करत करत जे हाती आलं ते दापोली. घरात दोन मतं पडली. आईचं म्हणणं, एवढ्या लांब पोरीला कशाला? माझे वडील, आप्पा, मात्र म्हणाले, "शेतीचंच शिकायचंय न्हवं, मग कुठलीबी शेती शिकू दे." आज्जांनी विचारलं, तिथं माळकऱ्याच्या पोरीला जेवायला काय मिळतं? तिघांचेही प्रश्न खरे होते आणि त्यांची उत्तरं मिळायला मला वर्ष लागलं.

मी कृषी शाखा का निवडली ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याला धरून आहे. आमची डाळिंबाची बाग २०२२ साली काढावी लागली. खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा, त्याला सगळे पिन होल बोरर म्हणतात, तेव्हा सांगोल्यातल्या कितीतरी बागांत शिरला होता. आधीच्या वर्षी पाऊस जास्त झाला, मुळ्या कमजोर झाल्या, त्यात मर रोग, आणि वरून हा किडा. ऐन उमेदीतली झाडं जेसीबीनं उपटून बांधावर रचली आणि पेटवली. त्या काळात आमच्या दारात सल्ला द्यायला बरीच माणसं आली. प्रत्येकाकडे एक बाटली होती. झाड नेमकं कशानं मेलं हे मात्र कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. ते मला कळून घ्यायचं होतं.

सांगोल्याहून आटपाडी, विटा, कराड. तिथून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. मग खेडच्या भरणे नाक्यावरून दापोली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यानं आईही सोडायला आली. कोयनानगरपर्यंत डोंगर बघत बसलेली आई घाटात गप्प झाली. खिडकीच्या काचेवरून पाणी सतत वाहत होतं, बाहेरचं काही दिसत नव्हतं. आप्पा मात्र चिपळूण येईपर्यंत एकच गोष्ट मोजत होते : रस्त्याकडेनं वाहून जाणारं पाणी. "एवढं पाणी नुसतं वाहून चाललंय," असं त्यांनी किती वेळा म्हटलं असेल!

प्रवेशाचे सोपस्कार मी फार लांबवत नाही. मूळ कागदपत्रं, त्यांच्या झेरॉक्सचे संच, रॅगिंगविरोधी हमीपत्र, वसतिगृहाचा अर्ज, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा फॉर्म. नव्यानं येणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला आणि अल्पभूधारक असल्याचा दाखला गावाकडून निघतानाच काढून आणावा. अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी अर्ज करता येतो आणि त्याला तहसीलचे कागद लागतात. तीनशे किलोमीटरवरून ते मागवायचे म्हणजे घरच्या माणसाचा रोज बुडतो. बँक खातं आधारला जोडलेलं आहे की नाही तेही आधीच बघावं.

पहिल्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो ओलीचा. अभ्यास, इंग्रजी, नवी माणसं यांची भीती घरून निघतानाच मनात होती, त्यामुळे तिची तयारीही होती. पण धुतलेला कपडा तीन-तीन दिवस वाळत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे दोरीवर टाकलेली चादर तासाभरात कडक होते. इथं कपाटातल्या कोरड्या कपड्यांनाही दमट वास, वहीचं पान बोटाला चिकटतं, चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी. अंगात सतत ओलसर कपडा घालून वर्गात बसल्यावर माणसाला आपलं काहीतरी बिघडलंय असं वाटत राहतं. मला तसं वाटायचं.

यातून सोडवलं ते कुडाळच्या मुलीनं. आमच्या खोलीत आम्ही तिघी : एक कुडाळची, एक यवतमाळची आणि मी. वसतिगृहात एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे, त्यामुळे मी 'सांगोला' झाले. कुडाळनं पहिल्याच रविवारी आमचं सामान तपासलं. जाड टॉवेल बाजूला काढायला लावले आणि बाजारातून सुती पंचे आणवले. कपडा पिळला की कोरड्या पंच्यात गुंडाळून पुन्हा पिळायचा, मग पंख्याखाली नायलॉनच्या दोरीवर टाकायचा. रात्री टाकलेला कपडा सकाळी घालता येतो. जीन्स दिवाळीपर्यंत पेटीत. चपला प्लास्टिकच्या. पेटीत डांबरगोळ्या. रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी हवीच, कारण रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप असतो आणि तो पायवाटेच्या कडेला पानांत बसतो. हे सगळं तिला तिच्या आजीनं शिकवलेलं. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात यातलं काहीही नसतं आणि पहिला महिना टिकायला नेमकं हेच लागतं.

जेवणाचा प्रश्न आज्जांनी विचारलाच होता. मेसमध्ये मासळीचे ठरलेले दिवस असत. तो वास मला पहिल्यांदा सहन झाला नाही, ताट घेऊन मी बाहेर पायरीवर बसले. कुणी हसलं नाही. मेसच्या मावशींनी त्या दिवशी माझ्यासाठी कुळथाचं पिठलं वेगळं काढून ठेवलं आणि पहिला घास घेतल्याबरोबर मला घर आठवलं, कारण हे आमचेच हुलगे. आम्ही त्यांचं माडगं करतो, इथं पिठलं करतात. भाताची सवय व्हायला मात्र वेळ लागला. दोन वेळा भात खाऊन पोट भरल्यासारखं वाटायचं नाही आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागायची. आईनं दिवाळीला ज्वारीच्या पिठाचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या खारोड्या दिल्या. यवतमाळनं तूरडाळ आणली. रविवारी मावशींच्या परवानगीनं आम्ही तिथंच भाकरी थापायचो. भाकरीला पाणी किती लागतं यावर कुडाळचं आणि माझं दर वेळी वाजायचं, कारण तिच्या हाताला तांदळाच्या पिठाची उकड माहीत आणि माझ्या हाताला ज्वारी.

आता अभ्यासाचं. अभ्यासक्रम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं ठरवून दिलेला, सेमिस्टर पद्धतीचा, दहापैकी ग्रेड. पहिल्या सेमिस्टरला कृषिविद्या, मृदाशास्त्र, उद्यानविद्या, अनुवंशशास्त्र, वनशास्त्राची ओळख, ग्रामीण समाजशास्त्र असे विषय होते. बारावीला ज्यांनी गणित घेतलेलं नव्हतं त्यांना प्राथमिक गणित आणि ज्यांनी जीवशास्त्र घेतलेलं नव्हतं त्यांना जीवशास्त्र शिकवत. सगळं इंग्रजीतून. मी मराठी माध्यमाची असले तरी अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून झालेलं, शिवाय शिकवणारे अवघड ठिकाणी मराठीत समजावत, त्यामुळे भाषेचा घोर फार दिवस राहिला नाही. मला दुसरीच गोष्ट टोचत होती. वर्गात 'शेती' म्हणून जे सांगितलं जायचं त्यातलं निम्मं मला हातानं येत होतं आणि तरी पेपरात लिहिता येत नव्हतं. आणि उरलेलं निम्मं, म्हणजे भात, आंबा, काजू, सुपारी, ते तर मी पाहिलेलंच नव्हतं. आपल्या रानात पाय रोवून वाढलेल्या मुलीला शेतीच्या वर्गात परकं वाटावं, याचं मला फार वाईट वाटायचं. फोनवर आप्पांना हे सांगता येत नसे.

ते परकेपण सुटायला सुरुवात झाली मृदाशास्त्राच्या प्रॅक्टिकलला. सरांनी सांगितलं होतं की ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या गावची माती आणावी. एका मुलाच्या वडिलांनी कराडपर्यंत येऊन पिशवी दिली, माझी आप्पांनी एसटीच्या पार्सलनं पाठवली. आमच्या काढून टाकलेल्या बागेतलीच माती होती ती. प्रयोगशाळेच्या टेबलावर एका बशीत दापोलीची तांबडी माती आणि शेजारी माझी करडी-काळी. दोन्हींवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे होते. तांबड्या मातीत थेंब नुसता जिरला. माझी माती फसफसली, बुडबुडे आले, आवाज झाला. मातीतला मोकळा चुना आम्लाबरोबर लागला की कार्बन डाय ऑक्साइड सुटतो, त्याचा तो फेस. मग दोन्ही माती अडीच पट पाण्यात ढवळून सामू, म्हणजे पीएच, मोजला. तांबडीचा साडेपाचच्या आसपास, माझीचा आठच्या वर.

त्या दिवशी सरांनी जे समजावलं ते मी वहीत नंतर लिहिलं, आधी ऐकतच राहिले. कोकणात हजारो वर्षांच्या पावसानं जांभ्या खडकावरच्या मातीतला चुना, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेलं, सिलिकासुद्धा नेली. मागे राहिली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, म्हणून ती तांबडी आणि आम्लधर्मी. आमच्याकडे पाऊस इतका कमी की चुना धुऊन जायला पाणीच नाही. तो तिथंच साठत राहतो. म्हणजे आप्पा बसमधून जे वाहून जाणारं पाणी हळहळत बघत होते, त्याच पाण्यानं या मातीतलं बरंच काही आधीच नेलेलं होतं. आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, दोन्हीकडे अडकतो! इथं लोह-ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, आमच्याकडे चुना. दोन्ही ठिकाणचा शेतकरी खत विकत घेतो, रानभर फेकतो, आणि त्यातला मोठा भाग पिकाच्या मुळाला मिळतच नाही. उपायही दोन्हीकडे जवळजवळ सारखा आहे : स्फुरदाचं खत शेणखतात मिसळून मुळाजवळ द्यायचं, फेकायचं नाही. आमच्या बागेला आप्पांनी वर्षानुवर्षं पोत्यानं खत टाकलं होतं. मला त्या प्रयोगशाळेत उभ्या उभ्या भरून आलं.

इथून पुढे मी वर्गात प्रश्न विचारू लागले.

उद्यानविद्येचं प्रॅक्टिकल रोपवाटिकेत व्हायचं. कोयकलमाचा हंगाम संपत आला होता, तरी शेवटच्या कोयी उगवलेल्या होत्या. आंब्याची कोय रुजून आली की पहिल्या दहा-पंधरा दिवसांत, कोंब अजून तांबूस आणि कोवळा असतानाच, तो वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची आणि हापूसच्या काडीला पाचरीसारखा काप घेऊन त्यात बसवायची. वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काडी ज्या फांदीवरून घ्यायची तिची पानं आठ-दहा दिवस आधी छाटून ठेवतात, म्हणजे डोळा फुगून येतो. हे पावसाळ्यातच का करायचं, तर हवेत ओल असते म्हणून काडी सुकत नाही. ज्या ओलीनं माझे कपडे वाळू दिले नव्हते तिच्याच जोरावर कोकणातल्या रोपवाटिका दर वर्षी कलमं बांधतात. हे कळल्यावर माझा त्या हवेवरचा राग गेला.

कलम बांधायला आम्हाला शिकवलं तिथं काम करणाऱ्या एका काकींनी. शास्त्र सरांनी सांगितलं, हात काकींनी दिला. "सुरी ओढायची, दाबायची नाय," असं म्हणत त्या इतक्या झरझर काप घेत की डोळ्यांना धरता येत नसे. माझे पहिले काप वाकडे आले, काडी आणि कोंब यांची साल एका बाजूनं तरी जुळायला हवी, ती जुळेना. काकींनी माझा अंगठा धरून कुठे टेकवायचा ते दाखवलं. दोन आठवड्यांनी बघितलं तर बरीच कलमं काळी पडली होती, काहींना मात्र नवा डोळा फुटला होता.

याच काकींना मी गुटी कलम दाखवलं. डाळिंबाचं रोप आमच्याकडे तसंच करतात : फांदीची साल बांगडीएवढी काढायची, ओलं शेवाळ लावायचं, प्लॅस्टिक बांधायचं, मुळ्या दिसल्या की खालून कापून पिशवीत लावायचं. त्यांना पद्धत माहीत होतीच, पण डाळिंबाची फांदी निवडायची कशी, पेन्सिलीच्या जाडीची, पिकलेली, रोग नसलेली, हे मी सांगत असताना त्या शांतपणे ऐकत होत्या आणि मधे मधे विचारत होत्या. विद्यापीठाच्या रोपवाटिकेत एका जाणत्या बाईनं मला काहीतरी विचारावं, याचा मला जो आनंद झाला तो मिडटर्मच्या गुणांनी झाला नाही. माझ्यापाशी आणलेलं काहीतरी इथं चालतं, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं. नव्या मुलांना सीनियर सांगतात की ओळखी वाढवा, कार्यक्रमांत भाग घ्या. ते बरोबरच आहे. पण बुजऱ्या मुलीला ओळखी वाढवायच्या म्हणजे काय करायचं तेच कळत नाही. तिच्या हाती एखादं काम दिलं, की बोलणं आपोआप निघतं. मला तरी माणसं अशीच मिळाली, कामाच्या ठिकाणी, हात मातीत असताना.

काकींनीच मला वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं तयार केलेल्या आंब्यांबद्दल सांगितलं. १९८१ सालचा 'रत्ना', नीलम आणि हापूस यांच्या संकरातला. आणि त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली आलेला 'सिंधू', ज्याची कोय पातळ असते. वर्गात हे सन आणि नावं पाठ करायची होती. काकींना मात्र कुठल्या झाडाची काडी लवकर धरते ते ठाऊक होतं. मी दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलं.

पाऊस ऑक्टोबरात ओसरला आणि भात कापणीला आला. कोकणात भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे प्रकार, हळवे आधी पिकतात. कर्जत आणि रत्नागिरी या केंद्रांची नावं घेऊन आलेले वाण आमच्या महाविद्यालयाच्या शेतावर होते. याच दिवसांत घरचे फोन जड व्हायचे. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस झालाच नाही. ऑक्टोबरअखेर सरकारनं जाहीर केलेल्या चाळीस दुष्काळी तालुक्यांत सांगोला होता. आप्पा विचारायचे, "तिकडं हाय का गं पाऊस?" इथं सगळे पाऊस थांबावा म्हणून बघत होते, कारण पिकलेलं भात भिजलं की आडवं होतं, ओंबीतच दाण्याला मोड येतो. मी ज्यांच्याबरोबर शेतात उभी होते त्यांचं नुकसान पावसानं होणार होतं आणि माझ्या घरचं पाऊस न आल्यानं झालं होतं. "हाय थोडा थोडा," असं मी म्हणायचे. मग आप्पा म्हणायचे, "असू दे, अभ्यास कर." फोन ठेवल्यावर झोप यायची नाही. त्या रात्री यवतमाळ माझ्याबरोबर जागी राहायची. तिच्याकडे कापूस आणि सोयाबीन. तिलाही घरून असेच फोन यायचे, आणि आमच्यात फार काही बोलावं लागत नसे.

कापणीचं प्रॅक्टिकल दोन भागांत झालं. आधी मोजणी : एक चौरस मीटरची चौकट टाकायची, तिच्यातली चुडं, म्हणजे रोपांचे झुबके, मोजायची, ओंब्या मोजायच्या, ओंबीतले भरलेले आणि पोचट दाणे वेगळे करायचे, हजार दाण्यांचं वजन घ्यायचं. मग कापणी. विळा धरून वाकायचं आणि चूड मुठीत घेऊन बुडाजवळ कापायचं. मी शेतकऱ्याची मुलगी असूनही हे मला येत नव्हतं, कारण मंगळवेढा-सांगोल्याकडे रब्बी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. त्यात सगळा जोर पाठीचा आणि दोन्ही हातांचा. इथं जोर मनगटाचा. दुपारपर्यंत माझी बोटं आखडली. पण संध्याकाळी भारे बांधून खळ्यावर आणले, झोडणी झाली, पेंढ्याची उडवी रचायची वेळ आली, तेव्हा मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. कडब्याची गंज मी लहानपणापासून रचत आले आहे. बुडखे बाहेर, शेंडे आत, मधे उंचवटा, म्हणजे पाणी आत उतरत नाही. सगळी बॅच खालून पेंढ्या फेकत होती आणि मी वर उभी राहून लावत होते. कुणीतरी ओरडलं, "सांगोला, तुला हे कुठं शिकवलं?" त्या दिवसानंतर माझी ओळख करून द्यायला कुणाची गरज राहिली नाही.

परीक्षा आल्या आणि गेल्या. जर्नल पूर्ण करण्यासाठी रात्री जागलो, अनुवंशशास्त्रातली गणितं कुडाळनं समजावली, मृदाशास्त्र मी समजावलं. ग्रेड बऱ्या आल्या.

दुसऱ्या सेमिस्टरला दापोलीचं रूपच बदललं. हिवाळ्यात इथं चांगली थंडी पडते, आंब्याला मोहोर येतो, काजूच्या बागेतून चालताना नवा वास येतो. कीटकशास्त्र सुरू झालं आणि कीटक संग्रहाची पेटी करायची होती. जाळी घेऊन आम्ही सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आणि ओढ्याकाठी फिरायचो. माझं खरं लक्ष भुंगेऱ्यांकडे. खोडात शिरणाऱ्या छोट्या भुंगेऱ्यांबद्दल मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं की यातले बरेचसे आधीच ताणाखाली असलेल्या झाडाकडे ओढले जातात, आणि काही आपल्याबरोबर बुरशी नेऊन खोडात वाढवतात. निरोगी झाडावर ते सहजासहजी बसत नाहीत. म्हणजे आमच्या दारात आलेल्या बाटल्यांनी किडा मेला असता, तरी झाड कशानं कमजोर झालं तो प्रश्न तसाच राहिला असता. मी बागेबद्दल सांगितलं : जास्त पाणी, दाट लागवड, जड जमीन, आधीचा मर रोग. मॅडमनी एकेक मुद्दा फळ्यावर लिहिला आणि त्या तासाला आमच्या बागेवर सगळ्या वर्गाशी चर्चा केली. मी ज्यासाठी घर सोडलं होतं त्याचा पहिला तुकडा मला त्या दिवशी मिळाला.

समुद्र मी पहिल्यांदा मुरूडला पाहिला. पण मला जास्त लक्षात राहिलं ते हर्णे बंदर. संध्याकाळी होड्या येतात, वाळूवरच मासळीचे ढीग लागतात आणि बोली सुरू होते. मी माळकऱ्याच्या घरातली, वास अजूनही चढत होता, तरी तासभर हलले नाही. सांगोल्याच्या डाळिंब बाजारात कॅरेट ओळीनं लावून सौदे होतात तशीच घाई, माल नासण्याच्या आत विकायचा तोच धाक, आणि विकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर आमच्या आईच्या चेहऱ्यावर असते तीच काळजी. परत येताना मुरूडमध्ये महर्षी कर्वे यांचा पुतळा बघितला. कर्वे याच गावात वाढले. परीक्षा द्यायला ते कोवळ्या वयात मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि तिथं त्यांना वयानं लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. मी त्याच डोंगराच्या पलीकडून, अर्ध्या तिकिटात, एसटीत बसून आले होते. शिकायला किती अंतर तोडावं लागतं ते त्या काळच्या मुलांनी पायांनी मोजलंय, हे मला त्या पुतळ्यापाशी फार जाणवलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले. बागेच्या मोकळ्या रानात आप्पांना पुन्हा डाळिंब लावायचं होतं. मी आधी खड्डा घ्यायला लावला, कमरेइतका खोल, आणि दोघांनी आत उतरून थर पाहिले. वर हातभर काळी माती, खाली चुनखडीचा पांढरा थर, ठोकला तर कुदळ वाजत होती. पावसाचं पाणी त्या थरावर अडून मुळाशी साचत होतं. आप्पा बराच वेळ खड्ड्यात उभे राहिले. म्हणाले, "इतकी वर्सं कसतोय, खाली असं आसंल असं वाटलं न्हाई." मग माती परीक्षणाला दिली. गादीवाफे उंच करायचे, ओळींतलं अंतर वाढवायचं आणि स्फुरद शेणखतातून मुळाजवळ द्यायचा असं ठरलं. आप्पांनी सगळ्या रानात नाही, पहिल्या एकरात करून बघू म्हटलं. मला ते पटलं. शेतात एकदम सगळं बदलायचं नसतं. आज्जांनी जेवणाचं विचारलं तेव्हा मी त्यांच्यासाठी कुळथाचं पिठलं केलं, कोकणातल्यासारखं, आमसूल घालून.

गेल्या वर्षी मी दापोलीला पोचले तेव्हा लावणी होऊन गेली होती. भाताची रोपं चिखलात उभी राहिलेली मी फक्त पाहिली, लावली नाहीत. या वर्षी जुलैत वर्ग सुरू होण्याच्या चार दिवस आधीच निघायचं मी आईला सांगितलंय. काकींच्या घरची लावणी त्याच आठवड्यात आहे. त्यांनी फोन करून सांगितलं, तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटायला पहाटेच यावं लागेल आणि गमबूट माझ्या मापाचे त्यांच्याकडे नाहीत. ते मी सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून घेऊन ठेवले आहेत.